द्वारपंडित आणि द्वारपाल : नालंदा, वलभी व खानदेशच्या वाटेवरील विद्याकेंद्रे

आपल्या सभा-संमेलनांतून आणि विहारांतील व्याख्यानांतून नालंदेचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते. तो अभिमान सार्थ आहे. परंतु अलीकडे या नावाचा उपयोग एका वेगळ्याच हेतूने होताना दिसतो. नालंदेच्या द्वारावर दहा जण आले, तर त्यांतील सात-आठ परत जात, हे वाक्य आता राखीव जागांच्या विरोधकांच्याही मुखी आले आहे. बौद्धांचे सर्वश्रेष्ठ विद्यापीठच जर इतके निवडक होते, तर मग बौद्धांनी प्रवेशाच्या सवलती का मागाव्यात, असा हा युक्तिवाद असतो. जळगाव-धुळ्याकडील आमच्या विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न वारंवार ठेवला जातो आणि आपल्याच इतिहासाचा आधार घेऊन तो विचारला जात असल्यामुळे ते निरुत्तर होतात. यास्तव नालंदेची निवड कशी होती, ती कोणाची होती, आणि तिच्या तोडीच्या अन्य विद्यापीठांत काय रीत होती, याचा साधनांच्या आधारे विचार करणे अगत्याचे आहे.

नालंदेच्या द्वारावरील परीक्षा

नालंदेविषयीची आपली माहिती प्रामुख्याने दोन चिनी भिक्खूंच्या लेखनातून येते. ह्युएनत्संग इ. स. 637 च्या सुमारास नालंदेत आला. त्याचा शिष्य हुई-ली याने त्याचे चरित्र लिहिले. त्यानंतर सुमारे चार दशकांनी आलेल्या इत्सिंगने नालंदेत जवळजवळ दहा वर्षे वास्तव्य केले. हुई-लीने नालंदेतील रहिवाशांची संख्या पाहुण्यांसह दहा हजार दिली आहे. इत्सिंगने ती तीन हजारांहून अधिक, तर अन्यत्र साडेतीन हजार अशी दिली आहे. इत्सिंग स्वतः तेथे दीर्घकाळ राहिलेला असल्यामुळे त्याचा आकडा आम्हांस अधिक विश्वसनीय वाटतो.

द्वारपरीक्षेचा प्रसिद्ध उल्लेख ह्युएनत्संगाच्या प्रवासवृत्तात आहे. तो नीट वाचला म्हणजे असे दिसते की, तेथे वर्णन केलेले लोक हे अन्य प्रांतांतून नालंदेच्या वादसभेत भाग घेण्यासाठी आलेले पंडित होत. द्वारावरील अधिकारी त्यांना कठीण प्रश्न विचारी. प्राचीन आणि नवीन अशा दोन्ही शास्त्रांचे सखोल अध्ययन झालेले असेल, तरच उत्तर देता येई. अशा आगंतुकांपैकी दहातील सात-आठ जण परत फिरत. जे दोन-तीन आत जात, त्यांचाही गर्व सभेत उतरे, असे ह्युएनत्संग सांगतो.

म्हणजे ही परीक्षा अक्षरओळखीच्या पायरीवरील मुलांसाठी नव्हती. अध्ययन पूर्ण करून आलेल्या प्रौढ अभ्यासकांसाठी होती. आजच्या परिभाषेत बोलायचे तर ती पदव्युत्तर परिषदेच्या दाराशी होती, प्राथमिक शाळेच्या दाराशी नव्हती. नालंदेचा दाखला देणारे नेमका हाच भेद विसरतात.

द्वाराच्या आतही क्रम होताच. हुई-लीच्या म्हणण्याप्रमाणे सूत्रे आणि शास्त्रे मिळून वीस ग्रंथसमूहांचे विवरण करू शकणारे एक हजार, तीस ग्रंथसमूह जाणणारे पाचशे, आणि पन्नास जाणणारे जेमतेम दहा जण होते. सर्वच ग्रंथ ज्यांना अवगत होते, असे एकटे शीलभद्र आचार्य होते. दररोज शंभर ठिकाणी प्रवचने होत. हे आकडे गोल आहेत. त्यांत शिष्याच्या गुरुभक्तीचा अंश असणार. तथापि मानाचा क्रम ग्रंथज्ञानावरून लावला जात होता, ही गोष्ट त्यांतून स्पष्ट होते.

वलभी : तोडीची, पण वेगळी

नालंदेच्या तुलनेला दुसरे विद्यापीठ घ्यावयाचे, तर ते निवडण्याचे काम इत्सिंगनेच करून ठेवले आहे. व्याकरणादी प्राथमिक अध्ययन आटोपल्यावर विद्यार्थी दोन-तीन वर्षे एक तर मध्यदेशातील नालंदेस किंवा पश्चिमेकडील वलभीस जात, असे तो लिहितो. आपल्या चिनी वाचकांना कल्पना यावी म्हणून चीनमधील नामांकित विद्यास्थानांची उदाहरणे तो या दोहोंना एकत्रच लावतो. तेथे विद्वानांच्या कसोटीस उतरलेले लोक पुढे राजसभेत जात, अधिकारपदे मिळवीत, आणि त्यांची नावे उंच द्वारांवर पांढऱ्या अक्षरांत लिहिली जात.

वलभी म्हणजे आजच्या गुजरातेतील भावनगर जिल्ह्यातले वल्लभीपूर. ह्युएनत्संगाने तेथे सुमारे शंभर संघाराम आणि सहा हजार भिक्खू असल्याची नोंद केली असून ते मुख्यतः सम्मितीय निकायाचे होते, असे म्हटले आहे. नालंदेत महायानाचे प्राबल्य होते, जरी अठराही निकायांचे ग्रंथ तेथे शिकविले जात. वलभीच्या वर्णनात द्वारावरील कठोर परीक्षेचा उल्लेख येत नाही. तेथील वैभव ताम्रपटांतून दिसते. मैत्रक राजा पहिला ध्रुवसेन याची भाची दुड्डा हिने बांधलेल्या विहारास अनेक राजांनी दाने दिली. सद्धम्माच्या ग्रंथांच्या खरेदीसाठीही उत्पन्न नेमून दिल्याचा उल्लेख मैत्रकांच्या दानपत्रात आहे. एका स्त्रीच्या दानातून विहार उभा राहावा आणि राजाच्या दानातून ग्रंथालय वाढावे, ही बाब लक्षणीय आहे.

वलभीची कीर्ती केवळ बौद्धांपुरती नव्हती. कथासरित्सागरात अंतर्वेदीतील, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबातील, एक ब्राह्मणपुत्र विद्याध्ययनासाठी वलभीस निघतो. काशी जवळ असताना त्याला वलभी गाठावीशी वाटते, ही कथाकाराच्या दृष्टीने स्वाभाविक गोष्ट आहे.

या दोन्ही विद्यापीठांत शत्रुत्व नव्हते. गुणमती आणि स्थिरमती या आचार्यांचा उल्लेख ह्युएनत्संग नालंदेच्या थोर पुरुषांत करतो, आणि वलभीजवळील विहारातही त्यांचे वास्तव्य झाल्याचे सांगतो. आचार्य भदंत स्थिरमतींनी बांधविलेल्या विहाराचा उल्लेख वलभीच्या दानपत्रातही आहे. अर्थात एकच आचार्य दोन्ही ठिकाणी ज्ञानदान करीत होते.

येथून आम्ही एक निष्कर्ष काढतो. एका विद्यापीठाचे द्वार कठोर म्हणून प्रसिद्ध, दुसऱ्याच्या बाबतीत तशी प्रसिद्धी नाही. तरीही प्रत्यक्ष पाहणारा समकालीन अभ्यासक दोघांना एकाच पायरीवर बसवितो. तेव्हा विद्यापीठाची प्रतिष्ठा परत पाठविलेल्यांच्या संख्येवर अवलंबून नव्हती. ती आचार्यांवर, ग्रंथांवर, वादसभेतील मोकळेपणावर आणि तेथून बाहेर पडलेल्यांच्या कर्तृत्वावर अवलंबून होती. नालंदेच्या नावाचा मोह मात्र तेव्हाही होता. नालंदेत न शिकता तिचे नाव लावून हिंडणारे आणि त्यावर मान मिळविणारे लोक ह्युएनत्संगाच्या काळीच होते, असे तोच नमूद करतो. पदवीच्या खोट्या मोठेपणाचा रोग इतका जुना आहे.

विक्रमशिला आणि द्वारपंडित

पालवंशीय धर्मपालाने इ. स. च्या आठव्या शतकाच्या अखेरीस वा नवव्याच्या आरंभी स्थापन केलेले विक्रमशिला महाविहार आज बिहारच्या भागलपूर जिल्ह्यातील अंतीचक येथे उत्खनित अवस्थेत आहे. तिबेटी इतिहासकार तारानाथ याने तेथील सहा पंडितांची नावे दिली आहेत. पूर्वद्वारी रत्नाकरशांती, पश्चिमद्वारी वागीश्वरकीर्ती, उत्तरद्वारी नारोपा, दक्षिणद्वारी प्रज्ञाकरमती, आणि मध्यभागी रत्नवज्र व ज्ञानश्रीमित्र. हे सारे आपापल्या विषयांतील ग्रंथकार होते. द्वारावर उभा राहणारा मनुष्य हा संस्थेतील सर्वांत विद्वान असावा, ही कल्पनाच विलक्षण आहे. आगंतुकाला परत जावे लागले, तरी तो त्या काळच्या श्रेष्ठ तार्किकाशी बोलून जात असे.

मिलिंदपञ्हात भदंत नागसेन राजा मिलिंदास वादाच्या दोन पद्धती सांगतात. पंडितांच्या वादात एकमेकांचे म्हणणे उलगडले जाते, खोडले जाते, चूक मान्य केली जाते, आणि त्यामुळे कोणी रागावत नाही. राजांच्या वादात एक बाजू मांडली जाते आणि विरोध करणाऱ्यास दंड होतो. द्वारपंडिताची परीक्षा ही पहिल्या प्रकारची होती.

दुसरे द्वार : जातीचे

आता याच्या उलट बाजूकडे वळू. पाली साहित्यात तक्षशिलेचे उल्लेख विपुल आहेत. तिलमुट्ठि जातकात आचार्य नव्या शिष्यास प्रथम विचारतो की, तू आचार्यभाग म्हणजे दक्षिणा आणली आहेस, की धम्मान्तेवासिक होऊन राहणार आहेस? दक्षिणा सामान्यतः एक हजार कार्षापणांची असे. ती देणारा शिष्य घरच्या मुलासारखा वागविला जाई. न देणारा दिवसा आचार्याची कामे करी आणि रात्री शिके. गरिबाला दार बंद नव्हते, परंतु त्याची किंमत श्रमांनी मोजावी लागे.

पण जातीचे काय? चित्तसंभूत जातकात उज्जैनीचे दोन चांडाल बंधू आहेत. त्यांच्या दर्शनाने विटाळ झाला म्हणून त्यांना मार बसतो. तेव्हा जात लपवून ते तक्षशिलेस जातात आणि विद्येत पुढे येतात. चित्त तर शिष्यांत अग्रेसर ठरतो. एके दिवशी एका गावी भोजनास गेले असता गरम खिरीने संभूताचे तोंड पोळते, आणि दोघा भावांच्या तोंडून नकळत आपल्या वस्तीची बोली बाहेर पडते. सहाध्यायी ती ओळखतात आणि त्यांना मारून हाकलून देतात. पुढे ते प्रव्रज्येचा मार्ग धरतात.

जातककथा म्हणजे घडलेल्या घटनेचा दस्तऐवज नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या समाजात ही कथा सांगितली गेली, त्याला तिच्यातील प्रत्येक पायरी ओळखीची होती. या बंधूंना कोणी प्रश्न विचारला नाही. त्यांच्या ज्ञानात न्यून नव्हते. तोंड पोळले आणि बोली कळली, एवढ्यावर त्यांची विद्या संपली. येथे द्वारपंडित नाही. येथे उभा आहे तो जातीचा द्वारपाल.

हा द्वारपाल विसाव्या शतकातही हटला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत ही भाषा घेऊ दिली गेली नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांची बुद्धी तपासून तो निर्णय झाला नव्हता. कोलंबिया आणि लंडन येथील विद्यापीठांनी मात्र त्यांना प्रश्न विचारले, उत्तरे तपासली, आणि पदव्या दिल्या.

संघप्रवेशाची रीत यासंदर्भात पाहण्यासारखी आहे. विनयपिटकातील महावग्गात उपसंपदेच्या वेळी विचारावयाचे प्रश्न दिले आहेत. तुला अमुक पाच रोग आहेत काय, तू मनुष्य आहेस ना, पुरुष आहेस ना, स्वतंत्र आहेस ना, ऋणमुक्त आहेस ना, राजसेवेत नाहीस ना, आईवडिलांची अनुज्ञा आहे ना, वीस वर्षे पूर्ण झाली ना, पात्र व चीवर आहे ना, नाव काय आणि उपाध्याय कोण. या यादीत जातीचा प्रश्न नाही. दास आणि ऋणको यांना मात्र मुक्त झाल्याखेरीज प्रवेश नव्हता. तत्कालीन समाजव्यवस्थेची ही मर्यादा आपण झाकून ठेवू नये. तथापि न्हावी असलेला उपाली शाक्यकुमारांच्या आधी प्रव्रजित झाला आणि विनयाचा सर्वश्रेष्ठ ज्ञाता ठरला. निर्माल्य उचलणारा सुनीत स्थविर झाला. ज्या संघाच्या प्रवेशद्वारी हा नियम होता, त्या संघाने नालंदा चालविली.

नालंदेचे अनेक आचार्य जन्माने ब्राह्मण होते. शीलभद्र हे समतटाच्या ब्राह्मण राजकुलातील होते, असे ह्युएनत्संगच सांगतो. नालंदा समाजापासून तुटलेली नव्हती, आणि ज्यांच्या घरी विद्या होती ते तेथे अधिक सहज पोहोचले, हे मान्य केलेच पाहिजे. नियमात जात नसणे एक, आणि जातीने निर्माण केलेली विषमता नाहीशी होणे दुसरे.

पाया कोणी रचला?

याच ठिकाणी महाराष्ट्र आणि खानदेश यांचा संबंध येतो. ह्युएनत्संगाने महाराष्ट्रात सुमारे शंभर संघाराम आणि पाच हजार भिक्खू असल्याचे लिहिले आहे. येथूनच तो नर्मदा ओलांडून भृगुकच्छास व पुढे वलभीकडे गेला. त्याने वर्णिलेले डोंगरातील भव्य विहार म्हणजे अजिंठा, असे अभ्यासक मानतात. त्या विहारात आचार्य दिङ्नाग वारंवार राहत असत, असे तो म्हणतो. बौद्ध प्रमाणशास्त्राचा पाया ज्यांनी घातला, ते आचार्य जळगावहून अवघ्या साठ-एक किलोमीटरवरील या लेण्यांशी संबंधित होते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. नालंदेत चालणाऱ्या वादांना दिङ्नागांच्या तर्कपद्धतीनेच धार आली होती.

अजिंठ्याच्या 17 व्या लेण्याचा दाता हा ऋषिक देशाचा मांडलिक होता, आणि ऋषिक म्हणजे खानदेश, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. चाळीसगावच्या दक्षिणेस, सातमाळ्याच्या रांगेत असलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत प्रतिष्ठानचा गंधी मितदेव, राजवैद्य मगिल आणि त्याची मुले यांच्या दानांचे ब्राह्मी लेख आहेत. तेथील यक्षमूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे. अत्तर विकणाऱ्यांपासून वैद्यांपर्यंतच्या उद्यमी लोकांनी हे विहार पोसले. इत्सिंगने सांगितलेले सहाव्या वर्षापासूनचे प्राथमिक अध्ययन, वर्णमाला, पुढे व्याकरणाची सूत्रे आणि वृत्ती, हे कोठेतरी व्हावयाचे होते. संन्यास न घेणारे विद्यार्थीही विहारांत शिकत, असे तो लिहितो; त्यांना स्वतःचा खर्च करावा लागे, किंवा संघासाठी काम केल्यास अन्न मिळे. नालंदेचे द्वार कठोर राहू शकले, कारण देशभर अशी शेकडो मोकळी दारे होती. शिवाय आत गेलेल्या भिक्खूस अन्नवस्त्राची चिंता नव्हती. हुई-लीच्या मते शंभर, आणि इत्सिंगच्या मते दोनशेहून अधिक गावांचे उत्पन्न नालंदेस लावून दिलेले होते.

पाटणचा मठ आणि नालंदेची अखेर

खानदेशच्या इतिहासात आणखी एक विद्याकेंद्र आहे. पितळखोऱ्यापासून जवळच, चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे शके 1128 म्हणजे इ. स. 1207 चा शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. भास्कराचार्यांच्या आणि त्यांच्या कुळातील ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास दान दिले. हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकांनाही तो मोलाचा आहे.

भास्कराचार्यांच्या प्रतिभेविषयी आम्हांस आदरच आहे, आणि त्यांचे ग्रंथ जपले गेले हे इष्टच झाले. परंतु तुलना केली म्हणजे फरक दिसतो. पाटणच्या मठाचा अभ्यासविषय एका कुळाचे ग्रंथ हा होता. नालंदेत अठरा निकायांचे ग्रंथ, वेद, हेतुविद्या, शब्दविद्या आणि चिकित्साविद्या शेजारी शेजारी शिकविल्या जात. स्वमताचे खंडन ऐकणे हा तेथे अभ्यासाचाच भाग होता.

पाटणला हा मठ उभा राहत होता, त्याच सुमारास मगधातील महाविहार उद्ध्वस्त झाले होते. इ. स. 1234 ते 1236 या काळात भारतात आलेल्या तिबेटी धर्मस्वामीने नालंदेच्या अवशेषांत नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र आचार्य सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना शिकविताना पाहिले. त्या वेळी द्वारपरीक्षा घेणारा कोणी उरला नव्हता. शिकविणारा आणि शिकणारे एवढेच उरले होते, आणि तरीही तिबेटहून मनुष्य तेथे शिकावयास आला.

आजचा प्रश्न

15 ऑगस्ट 1990 रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. 2018 पासून त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील हजारो मुलामुलींना त्यामुळे घराजवळ पदवी घेता आली. अशा विद्यापीठाकडे काही लोक नाक मुरडून पाहतात, कारण त्याच्या दाराशी फारसे कोणी परत पाठविले जात नाही. केंद्र शासनाने 2016 पासून संस्थांची क्रमवारी जाहीर करण्यास आरंभ केल्यानंतर ही वृत्ती अधिकच वाढली. परंतु वलभीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. ज्या मुलीच्या घरात पहिले पुस्तक तिनेच आणले, तिला प्रवेश देणे हा कमीपणा नव्हे. कमीपणा आहे तो आत आचार्य, ग्रंथ आणि वाद नसण्यात.

बाबासाहेबांनी हे दोन्ही टोकांनी जाणले होते. 1927 साली मुंबई विधिमंडळात मुंबई विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी विद्यापीठाच्या कारभारात मागासलेल्या वर्गांना प्रतिनिधित्व मागितले. 1945 साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू करून नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी सकाळचे वर्ग घेतले, आणि 1950 साली औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयास पुढे मिलिंद हे नाव दिले. एका बाजूस दार रुंद केले, दुसऱ्या बाजूस वादात हरल्यावर सत्य स्वीकारणाऱ्या राजाचे नाव त्यावर कोरले.

तेव्हा नालंदेचा दाखला देणाऱ्यास आमच्या विद्यार्थ्यांनी सरळ उत्तर द्यावे. नालंदेने अध्ययन पूर्ण झालेल्यांची परीक्षा घेतली. त्या अध्ययनाची सोय संघाने गावोगावी आधी करून ठेवली होती. ज्यांना शतकानुशतके पहिल्याच दारातून हाकलले गेले, त्यांच्यासाठी राखीव जागा म्हणजे नालंदेच्या परीक्षेस बगल नव्हे. चित्त आणि संभूत यांना परत वर्गात बसविण्याची ती व्यवस्था आहे.

आणि या उत्तराबरोबर एक जबाबदारीही येते. 31 जुलै रोजी धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, 1937 सालच्या बाबासाहेबांच्या मुक्कामाच्या स्मरणार्थ, दरवर्षी हजारो लोक जमतात. ही गर्दी गावोगावी परतल्यावर तेथील विहारांत आठवड्यातून दोन संध्याकाळी जरी व्याकरण, गणित आणि पालीचे वर्ग चालू झाले, तरी इत्सिंगने पाहिलेला पाया पुन्हा रचला जाईल. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. तो दर्जा कागदावर राहील की वर्गात येईल, हे आपल्या विहारांवरही अवलंबून आहे. या कामासाठी मोठ्या इमारतीची वा नामांकित संस्थेच्या शिफारशीची गरज नाही. शिकविणारा एक आणि शिकणारे दहा मिळाले, की आरंभ करता येतो.